लघवीची गोळी आणि रक्ताचा कर्करोग : एका जुन्या औषधाचा इतिहास

#इतिहास #धागा

१/ पंढरपूरहून टेंभुर्णीकडे जाताना लागणारे करकंब असो वा सोलापूर जिल्ह्यातील दुसरे कोणतेही मोठे गाव, तेथील मेडिकल दुकानात 'लघवीची गोळी' हमखास मिळते. पायांवरची सूज, रक्तदाब, हृदयविकार यांसाठी डॉक्टर ती लिहून देतात. या गटातील एक औषध म्हणजे अमिलोराइड. ते जुने आणि स्वस्त असून जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीतही त्याचा समावेश झालेला आहे. २०१७ साली स्पेनमधील संशोधकांनी या औषधाविषयी एक अनपेक्षित निष्कर्ष प्रसिद्ध केला. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या दुर्मिळ कर्करोगाच्या पेशी प्रयोगशाळेत या औषधाने मरत होत्या.

२/ मूत्रपिंडासाठी घडवलेले औषध अस्थिमज्जेच्या रोगापर्यंत कसे पोहोचले? आणि पोहोचल्यानंतर ते रुग्णाच्या हातात का आले नाही? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना लंडन, व्हिएन्ना, सालामांका, मुंबई आणि शेवटी सोलापूर जिल्ह्यातीलच बार्शी, असा प्रवास करावा लागतो.

३/ प्रथम रोगाचा इतिहास. लंडन, १८४५. थॉमस अलेक्झांडर मॅकबीन नावाचा पंचेचाळीस वर्षांचा व्यापारी छातीच्या, पाठीच्या आणि कमरेच्या असह्य वेदनांनी खंगत चालला होता. ऑक्टोबरच्या अखेरीस डॉ. विल्यम मॅकिन्टायर यांनी त्याला तपासले. अंगावर सूज दिसल्याने त्यांनी लघवी तापवून पाहिली. सूज आणि लघवीतील प्रथिन यांचा मूत्रपिंडाच्या विकाराशी संबंध असतो, हे तोवर वैद्यकाला माहीत झाले होते.

४/ ही लघवी मात्र नेहमीसारखी वागेना. तापवल्यावर ती गढूळ झाली. नायट्रिक आम्ल घालताच निवळली. तासाभराने पुन्हा साका धरला आणि उष्णता दिल्यावर तो साका पुन्हा विरघळला. मॅकिन्टायर आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी थॉमस वॉटसन यांनी हे नमुने सेंट जॉर्ज रुग्णालयातील रसायनतज्ज्ञ वैद्य हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे पाठवले. हा पदार्थ नेमका काय आहे, एवढेच त्यांना विचारायचे होते.

५/ बेन्स जोन्स यांनी मोजमाप केले. रुग्णाच्या लघवीतून दररोज साठ ग्रॅमहून अधिक प्रथिन बाहेर पडत होते. जानेवारी १८४६ च्या आरंभी मॅकबीन मरण पावला. शवविच्छेदनात त्याची हाडे मऊ आणि ठिसूळ झालेली आढळली. सुरीने ती सहज कापता येत होती आणि आतील मज्जेच्या जागी लालसर, जेलीसारखा पदार्थ होता. उपचार म्हणून त्याला मिळाले होते ते रक्तमोक्षण, जळवा, लोह आणि क्विनाइन.

६/ पुढे १८७३ मध्ये रुस्तित्स्की यांनी या रोगाला 'मल्टिपल मायलोमा' हे नाव दिले. १८८९ मध्ये प्रागच्या ओटो काहलर यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले. बेन्स जोन्स यांनी मोजलेले ते प्रथिन म्हणजे प्रतिपिंडाचा एक तुकडा आहे, हे मात्र जेराल्ड एडलमन आणि जोसेफ गॅली यांनी १९६२ मध्ये सिद्ध केले. एका टेस्ट ट्यूबमधील प्रश्नाचे उत्तर मिळायला एकशे सतरा वर्षे लागली.

७/ आज हा रोग पुढीलप्रमाणे समजावून सांगितला जातो. अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशी शरीराच्या रक्षणासाठी प्रतिपिंडे बनवतात. त्यांतील एक पेशी बिघडते, बेसुमार वाढते आणि एकाच प्रकारचे निरुपयोगी प्रथिन तयार करत राहते. त्याने हाडे पोखरली जातात, रक्त कमी होते आणि ते प्रथिन मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांत साचून त्या निकामी करते. म्हणजे या रोगाचा मूत्रपिंडाशी संबंध पहिल्या दिवसापासूनचा आहे. पुढे हे महत्त्वाचे ठरणार आहे.

८/ आता औषधाचा इतिहास. लघवी वाढवणारी औषधे, म्हणजे मूत्रल द्रव्ये, माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहेत. चरकसंहितेत मूत्रविरेचनीय द्रव्यांचा स्वतंत्र गट सांगितला आहे आणि त्यात 'श्वदंष्ट्रा', म्हणजे गोखरू, आहे. सोलापूरच्या माळावर अनवाणी चालणाऱ्याच्या पायात रुतणारा सराटा तो हाच. परंतु आधुनिक मूत्रल औषधांची वंशावळ या वनस्पतींपासून निघत नाही. ती दोन अपघातांपासून निघते.

९/ पहिला अपघात व्हिएन्नाचा. १९१९ मध्ये, महायुद्धाने मोडून पडलेल्या त्या शहरातील एका रुग्णालयात जन्मजात सिफिलिस झालेली एक तरुणी दाखल होती. आल्फ्रेड फोगल हा वैद्यकाचा विद्यार्थी तिच्यावर देखरेख करत होता. सिफिलिसवर तेव्हा पाऱ्याची संयुगे दिली जात. हवे ते संयुग मिळेना, म्हणून नोव्हासुरोल नावाचे दुसरे टोचून पाहण्यात आले.

१०/ त्या रुग्णालयातील परिचारिका रुग्णांच्या लघवीचे रोजचे माप तक्त्यावर न चुकता लिहीत असत. इंजेक्शनच्या दिवशी तक्त्यावरची रेघ एकदम उंचावलेली फोगलला दिसली. पुन्हा टोचले, पुन्हा रेघ वर. मग हृदयविकाराने अंग सुजलेल्या रुग्णांना ते औषध दिले गेले आणि शरीरात साठलेले पाणी उतरू लागले. सिफिलिसचे औषध अशा रीतीने मूत्रल ठरले. विषारी असूनही पाऱ्याची इंजेक्शने पुढील तीन दशके याच कामासाठी वापरात राहिली.

११/ या प्रसंगात श्रेय कोणाचे? इतिहासात नाव फोगलचे राहिले. परंतु परिचारिकांचा तो तक्ता नसता, तर फोगलला काही दिसलेच नसते. रोजची, कंटाळवाणी, कोणाचेही लक्ष न जाणारी नोंद हा या शोधाचा पाया होता. हा मुद्दा लक्षात ठेवावा. बार्शीला पोहोचल्यावर तो पुन्हा भेटेल.

१२/ दुसरा अपघात सल्फा औषधांचा. १९३० च्या दशकात जंतुसंसर्गावर सल्फानिलामाइड वापरात आले. ते घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तातील आम्लतेत बदल होतो असे दिसले, आणि या दुष्परिणामाचे मूळ मूत्रपिंडाच्या कामात सापडले. १९४९ मध्ये बोस्टनच्या विल्यम श्वार्ट्झ यांनी तेच औषध हृदयविकाराच्या काही रुग्णांना दिले आणि सूज उतरवून दाखवली. दीर्घकाळ देण्यासाठी ते फार विषारी होते. परंतु रसायनशास्त्रज्ञांना दिशा मिळाली.

१३/ त्या दिशेने जाताना अमेरिकेतील मर्क कंपनीच्या प्रयोगशाळेत कार्ल बायर, जेम्स स्प्रेग, फ्रेडरिक नोव्हेलो आणि जॉन बेअर यांच्या गटाला क्लोरोथायाझाइड हाती लागले. १९५८ मध्ये ते बाजारात आले. इंजेक्शनऐवजी गोळी, विषाऐवजी बऱ्यापैकी निर्धोक औषध! रक्तदाबाच्या उपचाराचे स्वरूप त्याने पालटले. १९६० च्या दशकात जर्मनीतील हेक्स्ट कंपनीचे फ्युरोसेमाइडही आले.

१४/ मात्र या गोळ्यांत एक खोट होती. लघवीबरोबर शरीरातील पोटॅशियमही वाहून जाई आणि पोटॅशियम घटले की हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका असे. म्हणून मर्कच्याच प्रयोगशाळेत पोटॅशियम राखून ठेवणाऱ्या औषधाचा शोध सुरू झाला. त्या शोधातून १९६० च्या दशकाच्या मध्यास अमिलोराइड निघाले. मूत्रपिंडाच्या नलिकेच्या शेवटच्या टप्प्यात सोडियम शोषून घेणारी सूक्ष्म द्वारे असतात. अमिलोराइड ती बंद करते. परिणाम सौम्य, म्हणून बहुधा दुसऱ्या मूत्रल औषधाच्या जोडीने द्यायचे. पाच मिलिग्रॅमची ही गोळी दुय्यम भूमिकेसाठीच जन्माला आली.

१५/ मग कर्करोगाचे संशोधक या जुन्या गोळीकडे का वळले? याचे एक कारण मायलोमाच्याच इतिहासात आहे. या रोगावरचे पहिले परिणामकारक औषध मेल्फलॅन हे युद्धातील विषारी मस्टर्ड वायूच्या रासायनिक कुळातले. त्यानंतर अनेक वर्षे मोठी भर पडली नाही. आणि जेव्हा पडली, तेव्हा ती वैद्यकातील सर्वांत बदनाम औषधाच्या रूपाने पडली.

१६/ ते औषध थॅलिडोमाइड. १९५७ मध्ये जर्मनीत झोपेसाठी ते विक्रीस आले. गर्भवतींनी घेतल्याने हजारो अर्भके हातापायांच्या गंभीर व्यंगांसह जन्मली आणि १९६१ मध्ये ते मागे घ्यावे लागले. काही वर्षांनी जेरुसलेममध्ये जेकब शेस्किन यांनी कुष्ठरोग्यांना झोप यावी म्हणून ते दिले, तेव्हा त्यांच्या वेदनादायक गाठी ओसरल्या. १९९९ मध्ये अमेरिकेतील आर्कान्सा येथील गटाने ते मायलोमाच्या चौऱ्याऐंशी रुग्णांना दिले. इतर उपचारांना दाद न देणाऱ्या या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांत परिणाम दिसला. त्या शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिका होत्या सीमा सिंघल.

१७/ थॅलिडोमाइडच्या या पुनर्जन्मानंतर 'जुन्या औषधाचे नवे काम' ही कल्पना केवळ योगायोगावर सोडण्याची गरज उरली नाही. ज्या औषधांचे गुणदोष दशकानुदशके माहीत आहेत, ती हेतुपुरस्सर तपासली जाऊ लागली. अमिलोराइडची पाळी आली ती या वातावरणात, आणि ती एका वेगळ्याच दारातून आली.

१८/ ते दार समजण्यासाठी पोथीचे उदाहरण घेता येईल. पेशीतील जनुक म्हणजे मूळ पोथी. तिची नक्कल करताना लेखनिक मधले अनावश्यक भाग गाळतो आणि उरलेला मजकूर सलग जोडतो. कोणता भाग गाळला यावरून अर्थ बदलतो. पेशीतही अशी कातरण्या-जोडण्याची यंत्रणा असते. रिचर्ड रॉबर्ट्स आणि फिलिप शार्प यांच्या गटांनी १९७७ मध्ये ती उघडकीस आणली आणि १९९३ मध्ये त्या दोघांना नोबेल मिळाले. अनेक कर्करोगांत हा लेखनिकच भ्रष्ट झालेला असतो. पेशीला मरायला सांगणारा मजकूर तो बदलून टाकतो.

१९/ २०११ मध्ये तैवानच्या संशोधकांनी दाखवले की अमिलोराइड या यंत्रणेत हस्तक्षेप करते. ल्युकेमियाच्या ज्या पेशींवर इमॅटिनिब हे प्रसिद्ध औषध चालेनासे झाले होते, त्या अमिलोराइडनंतर त्याला पुन्हा दाद देऊ लागल्या. सोडियमच्या द्वारांशी या परिणामाचा थेट संबंध नव्हता. एकाच रेणूला दोन वेगळी कामे येत होती आणि दुसरे काम जवळजवळ अर्धशतक कोणी पाहिले नव्हते.

२०/ २०१७ मध्ये सालामांका येथील नॉर्मा गुतिएरेस यांच्या गटाने हाच विचार मायलोमावर लावला. १२१८ मध्ये स्थापन झालेल्या प्राचीन विद्यापीठाचे हे शहर. तेथील प्रयोगांत अमिलोराइडने मायलोमाच्या पेशींची वाढ रोखली व त्यांना मृत्यूकडे ढकलले. रुग्णांच्या मज्जेतून घेतलेल्या पेशींवर आणि उंदरांतील गाठींवरही परिणाम दिसला. डेक्सामेथासोनसारख्या प्रचलित औषधांच्या जोडीने तो वाढला. कातरण्या-जोडण्याच्या यंत्रणेतील बिघाड तेथेही नोंदला गेला.

२१/ येथे थांबून एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. प्रयोगशाळेतील निष्कर्ष म्हणजे उपचार नव्हे. पेशींवर वापरलेली मात्रा आणि रक्तदाबाच्या गोळीची मात्रा यांत मोठे अंतर आहे. शिवाय मायलोमात मूत्रपिंडे आधीच दुबळी झालेली असतात. अशा रुग्णाला पोटॅशियम राखून ठेवणारे औषध दिले, तर ते रक्तात धोकादायक पातळीपर्यंत साठू शकते व हृदय बंद पडू शकते. १८४५ च्या त्या टेस्ट ट्यूबने दाखवलेला मूत्रपिंडाचा संबंध येथे अडसर म्हणून उभा राहतो. ही गोळी कोणीही स्वतःहून कर्करोगावर घेऊ नये.

२२/ मग प्रश्न सुटणार कसा? रुग्णांवरील पद्धतशीर चाचणीने. किती मात्रा, कोणाला, कशाच्या जोडीने, हे त्याशिवाय कळत नाही. पण येथे दुसरा अडसर येतो आणि तो अर्थशास्त्राचा आहे. जुन्या औषधाचे पेटंट केव्हाच संपलेले असते. कोट्यवधी रुपये खर्चून चाचणी करणाऱ्या कंपनीला त्यातून नफा मिळत नाही. ज्या औषधाला मालक नाही, त्याच्या बाजूने उभे राहायलाही कोणी नसते. नवे औषध महाग असते म्हणून गरिबापर्यंत पोहोचत नाही. जुने औषध स्वस्त असते म्हणून त्याची परीक्षाच होत नाही.

२३/ ही कोंडी फोडण्याचे एक उदाहरण महाराष्ट्रात घडले आहे. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने डॉ. राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी लिडोकेन हे जागा बधिर करण्याचे साधे, जुने औषध तपासले. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेपूर्वी ते गाठीभोवती टोचायचे, इतकीच कल्पना. अकरा केंद्रांतील १,६०० स्त्रिया या चाचणीत होत्या. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण इंजेक्शन मिळालेल्या गटात ९०.१ टक्के, तर न मिळालेल्या गटात ८६.४ टक्के होते.

२४/ रोग वेगळा, औषधही वेगळे. पण अमिलोराइडला आजवर हवे आहे ते नेमके हेच, म्हणजे सार्वजनिक पैशावर चालणारी, नफ्याशी संबंध नसलेली, वर्षानुवर्षे धीराने चालवलेली चाचणी. लिडोकेनला एक सोयही होती. स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णा संख्येने खूप असतात. मायलोमाचे तसे नाही. जगातील एकूण कर्करोगांत त्याचा वाटा सुमारे एक टक्का आहे. रुग्ण विखुरलेले असतील, तर आधी ते शोधावे आणि मोजावे लागतात.

२५/ आणि येथे बार्शी येते. भारतातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली. अनेक वर्षे देशाचे आकडे म्हणजे मोठ्या शहरांचे आकडे होते. खेड्यात कोणता कर्करोग किती होतो, हे कोणी सांगू शकत नव्हते. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी आणि शेजारचे परांडा व भूम या तालुक्यांतील गावे तिच्या कक्षेत आली.

२६/ शहरात नोंदणी करणारा कर्मचारी रुग्णालयाच्या कागदांतून नावे काढतो. खेड्यात ते कागदच नव्हते. त्यामुळे बार्शीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन माणसांना भेटणे, रोगाची लक्षणे समजावणे आणि संशयित रुग्णाला रुग्णालयापर्यंत आणणे ही पद्धत अंगीकारली. तिचा एक परिणाम अभ्यासकांनी १९९० च्या दशकात मांडला. लोकांना माहिती मिळू लागल्यावर गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच्या टप्प्यात सापडू लागला होता. मोजणी करताकरता उपचाराची वाटही सुधारली.

२७/ या पायावर पुढे तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश असलेली चाचणी झाली. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे होतात, हा तिचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर चर्चिला गेला. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातील स्त्रियांना अशी तपासणी मिळाली नाही, यावरून पुढे नैतिकतेचा वादही झाला. इतिहासाने या दोन्ही गोष्टी एकत्रच नोंदवल्या पाहिजेत.

२८/ 'दुर्मिळ' हा शब्द वाचताना म्हणूनच सावध राहावे. दुर्मिळ रोग म्हणजे कमी जणांना होणारा रोग, हे खरे. परंतु हाडे दुखतात, अशक्तपणा येतो, वयच झाले आहे, असे म्हणून घरी खाटेवर पडून राहिलेला वृद्ध शेतकरी निदानाविनाच गेला, तर तो कोणत्याच आकड्यात येत नाही. मॅकबीनची तक्रारही पाठदुखीचीच होती. त्याची लघवी कोणीतरी तापवून पाहिली, एवढाच फरक.

२९/ लघवीच्या गोळीचा हा इतिहास आजच्या घटकेला अपूर्ण आहे. पाऱ्याला व्हिएन्नात, सल्फाला बोस्टनमध्ये, थॅलिडोमाइडला जेरुसलेम आणि आर्कान्सा येथे दुसरे आयुष्य मिळाले. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी रुग्णाशेजारी बसून मोजत होते. अमिलोराइडबाबत प्रयोगशाळेचे काम झाले आहे. रुग्णाशेजारचे मोजणे बाकी आहे. त्यातून होकार निघेल की नकार, हे आज कोणालाही सांगता येणार नाही. पण नकारसुद्धा चाचणीनंतरच देता येतो.

३०/ वैद्यकाच्या इतिहासाची आवड असणाऱ्या तरुण वाचकांनी आपल्या तालुक्यातील जुन्या दवाखान्यांचे जन्ममृत्यू दप्तर, साथीच्या नोंदी, रुग्णालयांची नोंदवहीे यांकडेही ऐतिहासिक साधन म्हणून पाहावे. बखरी आणि शिलालेख जपणारी अनेक माणसे आहेत. ही दप्तरे मात्र बहुतेक वेळा रद्दीत जातात.

(समाप्त)